वाचलेल्या पुस्तकांची नोंद कशी ठेवावी? वही की मोबाइल, आणि दोन ओळींत नेमकं काय लिहायचं?

केळीबाग (जळगाव)

वाचनालयातून दर पंधरा दिवसांनी दोन पुस्तकं, शिवाय दिवाळी अंक उन्हाळ्यापर्यंत पुरवून पुरवून. वर्षाला चाळीसएक पुस्तकं होतात. पण सहा महिन्यांनी कोणी विचारलं तर पुस्तकाचं नाव आठवतं, मुखपृष्ठाचा रंगही आठवतो, आत काय होतं ते आठवत नाही. वाचलेलंच पुस्तक पुन्हा घरी येतं आणि तिसाव्या पानावर लक्षात येतं.

नोंद ठेवायची आहे. परीक्षण लिहायचं नाही, कुठे टाकायचं नाही, फक्त स्वतःपुरती. वही बरी की मोबाइल? एका पुस्तकामागे किती लिहावं म्हणजे तिसऱ्या महिन्यात कंटाळा येणार नाही? 'आवडलं', 'ठीक' याच्या पलीकडे दोन ओळींत लोक काय लिहितात? अर्धवट सोडलेल्यांचं काय? कवितासंग्रह आणि दिवाळी अंक कसे नोंदवायचे? आणि पुस्तक परत द्यायचं असल्यामुळे आत खुणा करता येत नाहीत, त्यावर काय उपाय?

भरीत_पुरी (भुसावळ)

ताई, सुरुवात वहीनेच करा. मोबाइल वाईट नाही, पण पुस्तक मिटलं आणि फोन हातात घेतला की नोंद होण्याआधी व्हॉट्सॲप उघडतं.

साधी आखीव लाँगबुक, २०० पानी. एका पुस्तकाला सहा ओळी, त्याहून जास्त नाही. पानावर साधारण २४ ओळी असतात, म्हणजे पानाला चार पुस्तकं. शेवटची २० पानं सूचीसाठी सोडली तरी ७२० पुस्तकं मावतात. वर्षाला चाळीस धरली तर अठरा वर्षं! तेव्हा एका पुस्तकाला अख्खं पान देऊ नका. नोंदी बंद पडतात त्याचं पहिलं कारण हेच असतं. पहिल्या पाच पुस्तकांना पान पान भरून लिहिलं जातं, सहाव्याला तेवढं सुचत नाही, पान अर्धं कोरं राहतं, मग वही उघडायचीच लाज वाटते.

सहा ओळींची वाटणी अशी: पहिल्या ओळीत अनुक्रमांक, नाव, लेखक. अनुक्रमांक वर्षासकट लिहा, जसं '२०२५-१४'. पुढे मोबाइलवर यादी केली तरी हाच क्रमांक दोन्हीकडे चालतो. दुसऱ्या ओळीत प्रकाशक, हातात असलेल्या प्रतीचं वर्ष, एकूण पानं, अनुवाद असेल तर अनुवादक. तिसऱ्या ओळीत सुरू केल्याची आणि संपल्याची तारीख. उरलेल्या तीन ओळी प्रतिक्रियेच्या.

या तीन ओळींसाठी तीन प्रश्न ठरवून घ्या आणि दर वेळी तेच विचारा. पहिला, हे पुस्तक काय करतं, मलपृष्ठावरचा मजकूर न वापरता. दुसरा, पकड कुठे बसली आणि कुठे सुटली, प्रकरण किंवा पानासकट. तिसरा, आता पुढे काय: परत वाचायचं, कुणाला द्यायचं, की या लेखकाचं दुसरं शोधायचं.

'ओघवती भाषा, मनाला भिडणारं लेखन' ही ओळ कुठल्याही पुस्तकाखाली चालते. म्हणून ती कुठल्याच पुस्तकाची नोंद होत नाही. त्याउलट समजा असं लिहिलं: 'निवेदक पाटबंधारे खात्यातला कारकून. पहिली ६० पानं गावाची ओळखच चालू. विहिरीच्या भांडणापासून (प्र. ५) गोष्ट धावते. शेवट एका पत्रात उरकलाय.' यात कौतुक नाही, टीकाही फारशी नाही, पण दहा वर्षांनी वाचलं तरी पुस्तक समोर उभं राहतं.

नोंद पुस्तक संपल्यापासून २४ तासांच्या आत. दुसरं पुस्तक सुरू झालं की पहिल्याची पात्रं दुसऱ्यात मिसळायला लागतात. घाई असेल तर फक्त मधली ओळ लिहा, कुठे पकडलं आणि कुठे सुटलं. बाकी माहिती पुस्तकावर छापलेली असते, ती नंतरही मिळते.

देवघेव_खिडकी (अमळनेर)

वाचनालयाच्या बाजूने थोडं.

दुसऱ्या ओळीत वाचनालयाचा दाखल क्रमांक जरूर टिपा. शिक्क्याजवळ किंवा पहिल्या पानांवर हाताने लिहिलेला असतो. तो त्या एका प्रतीचा क्रमांक असतो. 'ते निळं पुस्तक, लेखकाचं नाव र वरून' असं खिडकीवर सांगण्यापेक्षा हा आकडा दिला की तीच प्रत निघते, म्हणजे तुम्ही टिपलेली पानंही जुळतात.

पानं जुळण्याचा मुद्दा लहान नाही. एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांत टाइप बदलतो, प्रस्तावना वाढते आणि पृष्ठांक सरकतात. म्हणून पान एकटं लिहू नका, प्रकरणही लिहा: 'प्र. ७, पान ११३'. वर्षाचंही तसंच. 'बहिणाबाईंची गाणी' पहिल्यांदा १९५२ साली आली, पण तुमच्या हातातली प्रत बरीच नंतरची असणार. नोंदीत दोन्ही वर्षं वेगवेगळी हवीत. पहिलं प्रकाशन हा पुस्तकाचा काळ, हातातल्या प्रतीचं वर्ष हा पृष्ठांकांचा पत्ता. दोन्हींसाठी एकच रकाना ठेवणारे नंतर गोंधळतात.

खुणांसाठी: ए-४ कागदाचे उभे चार तुकडे करा. प्रत्येक पट्टी सुमारे ५ सेंमी रुंद, ३० सेंमी लांब होते. मध्ये दुमडली की १५ सेंमीची वाचनखूण तयार. वाचताना पेन्सिलने तिच्यावरच लिहायचं: पान, आणि समोर तीन-चार शब्द. '४७ सासूचं पत्र', '८८ चुकीचं साल?' पुस्तक परत करताना पट्टी काढून वहीत त्या नोंदीपाशी चिकटवा किंवा तिच्यातलं निवडक उतरवा. पट्टीवर पुस्तकाचा अनुक्रमांक घालायला विसरू नका, नाहीतर वर्षअखेरीस चाळीस अनाथ पट्ट्या हातात राहतात.

चिकट रंगीत चिठ्ठ्या वाचनालयाच्या पुस्तकाला लावू नका हो. दोन-चार आठवडे राहिल्या की डिंकाचा थर पानावर उरतो, त्यावर धूळ बसते, आणि जुन्या ठिसूळ कागदावरून ओढून काढताना छापील अक्षरंच सोबत येतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा डिंक आणखीनच पाघळतो. पानाचा कोपरा दुमडणाऱ्यांना मी काहीच बोलत नाही, त्यांना माहीत आहे.

पांझराकाठ (धुळे)

वहीला विरोध नाही, पण शोधण्यासाठी वही निरुपयोगी. '२०२१ मध्ये वाचलेला तो अनुवाद कुणाचा?' यासाठी अख्खी वही चाळावी लागते. माझं मत: प्रतिक्रिया वहीत, यादी तक्त्यात. तक्ता म्हणजे गूगल शीट्स किंवा एक्सेल, जे असेल ते. अनुक्रमांक, नाव, लेखक, अनुवादक, प्रकार, पानं, संपल्याची तारीख, निकाल, एवढे आठ रकाने बस. पुढे हौसेने रकाने वाढवाल, ते कोरेच राहतील.

आता मराठीत तक्ता करताना हमखास फसतं ते.

तारीख. देवनागरी आकड्यांत तारीख टाइप केली की तक्ता तिला बहुतेक वेळा तारीख न मानता मजकूर धरतो. मग क्रम लागत नाही, वर्षाची बेरीजही होत नाही. तारीख आणि पानांच्या रकान्यात इंग्रजी आकडेच टाका, आणि तारखेचा साचा वर्ष-महिना-दिवस असा ठेवा. पुढेमागे ती मजकूर म्हणून राहिली तरी क्रम बरोबर लागतो.

लेखकाचं नाव. 'ना. धों. महानोर', 'ना.धों.महानोर' आणि 'महानोर ना. धों.' हे तक्त्याच्या लेखी तीन वेगळे लेखक. एक पद्धत ठरवा: आडनाव आधी, स्वल्पविराम, मग आद्याक्षरं, प्रत्येक टिंबानंतर एक जागा. टोपणनाव असेल तर ज्या नावाने पुस्तक छापलंय तेच लिहा. बालकवींना 'बालकवी' म्हणूनच ठेवा, 'ठोंबरे' या त्यांच्या आडनावाखाली शोधणारे त्यांच्या जन्मगावी, धरणगावातसुद्धा कमीच सापडतील.

अक्षरांचा क्रम. मराठी कोशात क्ष आणि ज्ञ सगळ्यात शेवटी येतात. संगणकाच्या आत मात्र क्ष म्हणजे क आणि ष, ज्ञ म्हणजे ज आणि ञ. त्यामुळे 'ज्ञानेश्वरी' तक्त्यात ज पाशी जाऊन बसते. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, माहीत असलं म्हणजे झालं.

शोध न लागणं. हे सगळ्यात छळतं. 'ॲ' दोन प्रकारे लिहिला जातो: एकसंध अक्षर, किंवा अ ला वेगळा चंद्र जोडून. दिसायला सारखेच, आतून वेगळे. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतल्या अर्ध्या र चंही तेच. फोनच्या कीबोर्डवर टाइप केलेलं लॅपटॉपवर शोधलं तर सापडत नाही, आणि माणूस समजतो की नोंदच केली नव्हती. उपाय: शोधताना असं अक्षर टाळून शब्दाचा सरळ तुकडा टाका. 'वाऱ्यावर' साठी नुसतं 'यावर' टाका. चार ओळी जास्त येतील, पण हवी ती त्यांत असेल.

आयएसबीएन. पुस्तकामागचा हा आकडा १ जानेवारी २००७ पासून १३ अंकी झाला, आधी १० अंकी होता, आणि जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच. त्यामुळे पुस्तकाची ओळख म्हणून त्याच्यावर विसंबू नका. तरी टाकायचाच असेल तर रकाना आधी 'मजकूर' प्रकारचा करा. नाहीतर एक्सेल त्याला मोठी संख्या समजून '९.७८ई+१२' असं दाखवतं. तशीच फाइल सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर-फाइल) म्हणून जतन केली की शेवटचे अंक कायमचे जातात.

सीएसव्हीवरून आणखी एक: अशी फाइल एक्सेलमध्ये थेट दोनदा क्लिक करून उघडली की देवनागरीऐवजी कधी कधी विचित्र चिन्हांची रांग दिसते. फाइल बिघडलेली नसते. ती न जतन करता बंद करा आणि 'डेटा' मधून आयात करताना यूटीएफ-८ (देवनागरी अक्षरं ओळखणारी संकेतपद्धत) निवडा. घाबरून त्याच अवस्थेत जतन केलं, तर मात्र खरंच बिघडते.

सातपुडा (शहादा)

तारे द्यायचे की नाहीत यावर कोणी बोललं नाही. माझं म्हणणं, पाचपैकी तारे देऊ नका. सुरुवातीला सगळ्यांना चार मिळतात, मग एखादं खरंच थोर पुस्तक येतं, त्याला पाच. त्यानंतर पाचाची भीती बसते, आणि मागच्या सगळ्या चारांचा अर्थ बदलतो. त्याऐवजी तीनच शेरे: 'परत' (पुन्हा वाचणार), 'पुरे' (वाचलं, झालं), 'सोडलं'. निकालाच्या रकान्यात यातलाच एक शब्द. हा शेरा पुस्तकाच्या दर्जावर नसून आपण पुढे काय करणार यावर आहे, म्हणून तो डळमळत नाही.

'सोडलं' ची नोंद पूर्ण वाचलेल्यापेक्षा जास्त काळजीने करा. कुठल्या पानावर सोडलं आणि का. 'का' मध्ये तीन गोष्टी वेगळ्या काढायच्या: पुस्तक जमलं नाही, अनुवाद जमला नाही, की वेळ चुकली. तिसऱ्या प्रकारातली पुस्तकं वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा घ्यायची असतात. अनुवाद नडला असेल तर त्याच पुस्तकाचा दुसरा अनुवाद किंवा मूळ शोधता येतं. म्हणूनच वर अनुवादकाचा रकाना सांगितलाय. पुष्कळ लोक तो टाळतात आणि दोष लेखकाच्या माथी मारतात.

कथासंग्रहाला एक प्रतिक्रिया देऊच नका. अनुक्रमणिकेतल्या कथांची नावं उतरवा, समोर खूण आणि पाच-सहा शब्द. बारा कथांतल्या दोनच लक्षात राहणार असतात, त्या कुठल्या ते कळलं पाहिजे. कवितेला याहून कमी: कवितेची पहिली ओळ आणि पान, बस. कवितेवर तीन ओळींचं मत लिहिलं की कविता राहते बाजूला आणि मतच पाठ होतं.

केळीबाग

खूप उपयोगी. बालकवींचं कळलं. दिवाळी अंक राहिले. आणि भाषेचं एक विचारायचं होतं: अहिराणी पुस्तकं किंवा आपल्याकडची बोली असलेली पुस्तकं वाचताना जे शब्द अडतात, ते याच वहीत की वेगळे?

भरीत_पुरी

दिवाळी अंकाची नोंद अंकाच्या नावाने करूच नका. अख्खा अंक कोणी वाचत नाही, मग तो ना 'वाचला' म्हणता येतो ना 'सोडला'. वाचलेला प्रत्येक लेख किंवा कथा ही एक ओळ: लेखक, शीर्षक, अंक, वर्ष, पान. यासाठी वहीत वर्षाला दोन पानं वेगळी ठेवा, पुस्तकांच्या क्रमांकात मिसळू नका. फायदा असा की दिवाळी अंकात आलेलं लिखाण दोन-तीन वर्षांनी पुस्तकात येतं, कधी शीर्षक बदलून. ओळखीचं वाटलं की ही दोन पानं चाळायची.

बोलीच्या शब्दांसाठी वही उलटी करून मागून सुरुवात करा. एका ओळीत शब्द, आलेलं पूर्ण वाक्य, पुस्तकाचा अनुक्रमांक आणि पान, संदर्भावरून लावलेला अर्थ पेन्सिलने. खात्री झाली की पेनने. वाक्य लिहायचा कंटाळा करू नका, नुसत्या शब्दावरून अर्थ उलटा लागतो. अहिराणीत 'कथा' हा शब्द 'कुठे' या अर्थानेही येतो. वाक्य नसेल तर पुढे कोणीही तो गोष्ट म्हणूनच वाचेल, भो!

पांझराकाठ

त्यात बोलीचाही एक छोटा रकाना करा. बहिणाबाईंची भाषा लेवा गणबोली आहे, तिला सरसकट अहिराणी म्हणून मोकळे होतात लोक. दोन्हींचे शब्द एका यादीत मिसळले की यादी कशालाच उपयोगी पडत नाही.

आणि ताई, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात किंवा समर्थ वाग्देवता मंदिरात (दोन्हीकडे जुन्या हस्तलिखितांचा संग्रह आहे) बसून काही वाचणार असाल तर त्या नोंदीची पद्धत वेगळी. ते पुन्हा सहज हाताशी येणार नाही, म्हणून तिथे प्रतिक्रिया कमी आणि उतारा जास्त. उतारा जसाच्या तसा, मूळ शुद्धलेखनासकट, अवतरणचिन्हांत. आपली टिप्पणी चौकटी कंसात. हस्तलिखित पोथीला पान नसतं, पत्र असतं, आणि एका पत्राला दोन बाजू. म्हणून 'पत्र १२, मागची बाजू' असं लिहायचं. पेन्सिलच न्या, पोथीशेजारी शाईचं पेन नको.

देवघेव_खिडकी

वहीच्या तब्येतीबद्दल. बऱ्याच जेल पेनांची शाई पाण्यात फुटते, एक ओला हात लागला की ओळ गेली. साधं बॉलपेन टिकतं. वही कूलरच्या झोतात ठेवू नका. चार महिने दमट हवा खाल्ली की पानं लाटांसारखी होतात आणि शिवण सुटते. पट्ट्या चिकटवायला सेलोटेप नको, ती पिवळी पडून सुटते आणि डाग ठेवून जाते. साधी खळ किंवा गोंद, तोही फक्त वरच्या कडेला. पावसाळ्यानंतर एकदा वही झटकून बघा, कसर लागली असेल तर तिला खळ फार आवडते.

वर्षातून एकदा, डिसेंबरात, तक्ता छापून वहीच्या आत ठेवा. चाळीस ओळी एका-दोन कागदांत बसतात. फोन बदलला, खातं बंद पडलं, तरी यादी राहते.

सातपुडा

गुडरीड्ससारखं ॲप वापरणार असाल तर चालेल, पण मराठी पुस्तकांच्या तिथे अनेकदा दोन-तीन नोंदी असतात, एक देवनागरीत, बाकीच्या रोमन लिपीत वेगवेगळ्या स्पेलिंगने. कुठल्या नोंदीवर खूण केली हे तक्त्यात लिहा, आणि दर तीन महिन्यांनी तिथली यादी उतरवून घ्या, ती सोय आहे.

एका बाबतीत भरीत_पुरींशी असहमत. २४ तासांत लिहिलेली प्रतिक्रिया एकटी पुरत नाही. शेवटची पन्नास पानं डोक्यात गरम असतात, सगळं मत शेवटावरच बेतलं जातं. म्हणून सहा ओळींखाली सातवी ओळ कोरी सोडा. महिन्याने, पुस्तक न उघडता आणि वरचं न वाचता, वेगळ्या शाईने एकच वाक्य: आता काय उरलंय? पुष्कळदा उरलेलं दृश्य पहिल्या नोंदीत नसतंच.

भरीत_पुरी

सातवी ओळ मान्य. मग पानाला चार नाही, तीनच पुस्तकं धरा. ५४०, म्हणजे साडेतेरा वर्षं. चालतंय.

केळीबाग

आज पहिली नोंद केली. नाव गाळलंय, कोणी वाचायचं राहिलं असेल म्हणून. बघा जमतंय का:

'२१४ पानं, ९ दिवस. कापसाच्या भावात बुडालेल्या कुटुंबाची गोष्ट. बाजार समितीतला प्रसंग फार प्रभावी. आईचं पात्र मनात घर करतं. शेवट थोडा लांबलाय. निकाल: परत.'

भरीत_पुरी

पहिल्यांदा म्हणून उत्तम. 'फार प्रभावी' आणि 'मनात घर करतं' काढा. त्या जागी आईने काय केलं ते लिहा. लांबलाय तो कुठल्या प्रकरणापासून? 'परत' का, तेही येऊ द्या.

केळीबाग

'२१४ पानं, ९ दिवस. कापसाच्या भावात बुडालेलं कुटुंब, सांगणारा धाकटा मुलगा. बाजार समितीत बाप वजनकाट्याकडे न बघता मापाड्याच्या चपलांकडे बघत राहतो (प्र. ४, पान ७१). आई पाटल्या मोडते आणि कुणाला सांगत नाही, वाचकालाही पान १५० ला कळतं. प्र. ११ नंतर शहरातलं सगळं आधीच माहीत असलेलं. परत: पाटल्यांचे इशारे आधी कुठे आलेत ते शोधायला.'

सातपुडा

आता सातवी ओळ कोरी ठेवा आणि महिनाभर तिकडे फिरकू नका.